मोकळ्या बटांच्या वेण्या

डोक्यावर चौकोनी भांग पाडून केसांचे पन्नास-साठ, कधी शंभर भाग करायचे. प्रत्येक भागाची मुळापासून बारीक तीनपेडी वेणी घालायला घ्यायची, घालता घालता तिच्यात गंगावन मिसळत जायचे आणि मध्येमध्ये त्या गंगावनाची एखादी कुरळी बट वेणीबाहेर मोकळी सोडायची. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, लागोस, जोहान्सबर्ग अशा शहरांत आज ही केशरचना सर्रास दिसते. तिला कोणी बोहो ब्रेड्स म्हणतात, कोणी गॉडेस ब्रेड्स. सलूनच्या पाट्यांवरची ही नावे दर दोन-चार वर्षांनी बदलतात. गॉडेस ब्रेड्स हे नाव तर पूर्वी डोक्याला चिकटून घातलेल्या जाड वेण्यांना होते. म्हणून इथे मी सरळ 'मोकळ्या बटांच्या वेण्या' असेच म्हणणार आहे. बघणाऱ्याला ही रचना बेफिकीर, वाऱ्यावर सोडल्यासारखी वाटते. ती घालून घ्यायला पाच-सहा तास सहज जातात, कधी आठ. घालणारीची बोटे आणि बसणारीची मान, दोन्ही दिवसअखेर आखडलेली असतात.

या एका केशरचनेचे बोट धरून हे पुस्तक आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या वेणीकलेत शिरते. मराठी वाचकाला त्यातले हाताचे काम समजायला जड जाणार नाही. पेड, भांग, बट, अंबाडा, गंगावन हे सगळे आपल्या घरातले आहे. सागरवेणी घालताना आपण दर वळणाला डोक्यालगतचे थोडे केस उचलून पेडात घेतो. कॉर्नरो नावाची आफ्रिकी वेणी याच तत्त्वावर चालते, फक्त पेड वरून न टाकता खालून फिरवतात, त्यामुळे वेणी डोक्यावर दोरीसारखी उठून दिसते. वेळ लागतो तो पुढचे समजायला. वेणीवरून नोकरीवर गदा कशी येते, मुलाला शाळेच्या दारातून परत कसे पाठवतात, खटले कसे उभे राहतात, आणि कुरळी बट मोकळी सोडणे ही एवढी मोठी गोष्ट का ठरते, हे आपल्या अनुभवातून आपोआप कळत नाही.

सुरुवात केसापासूनच करावी लागते. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, घट्ट कुरळ्या केसाचा लंबगोल, चपटा. त्याचे मूळही त्वचेखाली वळलेले असते. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळत जाते. स्प्रिंगसारख्या वळणांवरून ते फार पुढे जात नाही. म्हणून असा केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडा राहतो, विंचरताना प्रत्येक वळणावर तुटायला बघतो, आणि वर्षभर वाढूनही लांबी वाढल्यासारखी दिसत नाही, कारण जेवढा वाढतो तेवढा टोकाला झडतो. यावर आफ्रिकेतल्या बायकांनी फार पूर्वी शोधलेला उपाय असा, की केस ओला व तेलकट असताना वेणीत बंद करून टाकावा आणि काही आठवडे त्याला हातच लावू नये. कंगवा नाही, उशीशी घर्षण नाही, वारा नाही. अशा रचनांना आज 'संरक्षक केशरचना' म्हणतात. मोकळ्या बटांच्या वेण्या याच वर्गात मोडतात. त्यातली गंमत अशी, की बाहेर भुरभुरणारी बट त्या बाईची स्वतःची नसते. तिचे स्वतःचे केस टोकापर्यंत वेणीच्या आत झाकलेले असतात. ऊन, वारा, घाम आणि गुंता सोसायला भाड्याचे केस बाहेर ठेवलेले असतात.

आफ्रिका हा एक देश नाही, हे सांगावे लागू नये. पण केसांबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिथेच घसरतात. सिएरा लिओनमधल्या मेंदे समाजात स्त्रीचे केस दाट, तेल लावलेले आणि नीट गुंफलेले असावेत असा दंडक होता. मोकळे, विस्कटलेले केस शोकाचे, वेडाचे किंवा सैल वागणुकीचे लक्षण मानले जात. तिथल्या सांदे या स्त्रियांच्या गुप्त मंडळाचे काळे लाकडी मुखवटे जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्या डोक्यावरच्या वेण्यांची कोरीव कारागिरी पाहत राहावी अशी आहे. सिल्व्हिया आर्डिन बून यांनी १९८६ साली या मुखवट्यांवर जे पुस्तक लिहिले, ते केशरचनेच्या अभ्यासातही पायाभूत ठरले. नायजेरियातल्या योरुबांमध्ये केस गुंफणे वेगळे आणि दोऱ्याने गुंडाळणे वेगळे, आणि दोन्हींची जाणकार बाई वेगळ्या मानाची. डोके हे माणसाच्या नशिबाचे स्थान, म्हणून त्यावर कुणाचा हात फिरतो याला तिथे महत्त्व. नामिबियाच्या हिंबा स्त्रिया गेरू आणि लोण्याचा लेप देऊन वेण्या जपतात. तिथल्याच म्बालांतू स्त्रिया झाडाच्या सालीची पूड आणि चरबी चोपडून, पुढे जनावराच्या तंतूंचे गंगावन जोडून पायाच्या घोट्यापर्यंत वेण्या वाढवत. फुलानी स्त्रियांच्या वेण्यांत अंबरचे मणी आणि चांदीची नाणी येतात. गंगावन हे बाजारू अमेरिकेचे खूळ आहे असे समजणाऱ्यांनी इजिप्तकडेही एक नजर टाकावी: अमार्ना येथील सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत एका स्त्रीच्या डोक्यावर जोडकेसांचे सत्तरेक पदर सापडले आहेत.

पण या पुस्तकाच्या विषयाला सगळ्यात जवळचे आहे ते इथिओपिया. तिग्राय आणि अम्हारा प्रदेशांतली शुरुबा नावाची रचना डोक्यावर बारीक, घट्ट वेण्यांनी सुरू होते आणि मानेशी आली की वेणी थांबते. पुढचे सगळे केस मोकळे, फुललेले, खांद्यावर पंख्यासारखे पसरलेले. म्हणजे वेणी आणि मोकळा कुरळेपणा यांची जोडी कुणा अमेरिकन सलूनने जमवलेली नाही. आणि इथे तो कुरळेपणा स्वतःचाच असतो, विकत आणलेला नसतो. शुरुबा फक्त स्त्रियांची नव्हती. एकोणिसाव्या शतकातला सम्राट तेवोद्रोस दुसरा याची जी चित्रे आहेत त्यांत त्याच्याही वेण्या आहेत. लढवय्याची ती खूण होती. मराठी वाचकाला इथिओपिया परका वाटायचे कारण नाही. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी खडकी वसवणारा मलिक अंबर तिथलाच. त्याने किंवा त्याच्या माणसांनी दख्खनमध्ये येऊन केस कसे ठेवले याची चर्चा मात्र मी करणार नाही. त्याच्या चित्रांत पगडीच दिसते.

अटलांटिकपलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या माणसांची डोकी जहाजावर चढवताना भादरत. स्वच्छतेचे कारण देत, पण कोण कुठल्या गावचे, कुठल्या वयाचे, लग्नाचे की बिनलग्नाचे हे सांगणारी खूणच त्याबरोबर पुसली जाई. नव्या जगात केसांची निगा राखायला वेळ उरला तो रविवारचा. जे तेल, जी चरबी हाताशी असेल ती लावून बायका एकमेकींच्या वेण्या घालत. या काळाबद्दल एक कथा आज फार फिरते. कोलंबियातल्या पालेंके या पळून गेलेल्या गुलामांच्या गावातल्या बायका डोक्यावरच्या वेण्यांत पळवाटेचा नकाशा गुंफत असत, अशी ती कथा. गावातली मौखिक परंपरा म्हणून तिचा मान ठेवावा. तिला लेखी पुरावा नाही आणि प्रत्येक कॉर्नरो हा नकाशा होता असे सांगत सुटणे तर निव्वळ भाबडेपणा. तांदळाची गोष्ट वेगळी. सुरिनाम आणि फ्रेंच गयाना इथल्या 'मरून' म्हणवणाऱ्या, म्हणजे अशाच पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांच्या समाजात, आपल्या आज्या-पणज्यांनी केसांत भाताचे दाणे लपवून आणले असे सांगतात, आणि तिथे आजही भाताच्या काही वाणांना त्या बायकांची नावे आहेत. ज्युडिथ कार्नी यांच्यासारख्या संशोधकांनी आफ्रिकी तांदळाचा अमेरिकेतला प्रवास मांडला आहे, त्यात ही आठवण नीट बसते. या पुस्तकाच्या लेखिकेने दोन्ही कथा एकाच तागडीत तोलल्या नाहीत, हे मला बरे वाटले.

स्वतंत्र असलेल्या काळ्या स्त्रियांचे केसही सत्तेला खुपत. लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने १७८६ मध्ये फर्मान काढून त्यांना डोक्याला रुमाल बांधायला लावला. बायकांनी असे रंगीत आणि डौलदार रुमाल बांधले की त्याचीच फॅशन झाली. गुलामी संपल्यावर दडपण कायद्याचे उरले नाही, आरशाचे झाले. तापवलेला लोखंडी कंगवा, पुढे रसायने. सरळ केस म्हणजे सभ्य केस. मॅडम सी. जे. वॉकर ही या बाजारातून लखपती झालेली पहिल्या पिढीतली काळी उद्योजिका. तिच्यावर केस सरळ करायला शिकवल्याचा आरोप अजून होतो. ती मुख्यतः केस गळणाऱ्या बायकांना डोक्याची निगा शिकवत होती आणि हजारो बायकांना तिने स्वतःचा धंदा दिला, हे विसरून आरोप करू नये.

१९६० च्या दशकात आफ्रो, म्हणजे कुरळे केस न दाबता गोल फुलवून ठेवण्याची रचना, आला तो राजकीय घोषणा म्हणून. १९७० च्या दशकात वेणी परत उजेडात आली. अभिनेत्री सिसली टायसन पडद्यावर कॉर्नरो घालून आली, स्टीव्ही वंडर १९७२ च्या 'टॉकिंग बुक' या अल्बमच्या वेष्टनावर वेण्यांनिशी बसला. मग १९७९ साली '१०' नावाचा हॉलिवूडपट आला आणि त्यात बो डेरेक ही गोरी नटी मणी ओवलेल्या कॉर्नरो घालून समुद्रकिनाऱ्यावर धावली. वर्तमानपत्रांनी त्या वेणीला तिचेच नाव दिले. हे नुसते चीड आणणारे असते तर सोडून देता आले असते. पण रेनी रॉजर्स ही काळी स्त्री अमेरिकन एअरलाइन्समध्ये विमानतळावर काम करत होती. सगळ्या केसांच्या वेण्या घालून कामावर यायला कंपनीने बंदी केली म्हणून ती कोर्टात गेली. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे की त्वचेचा रंग जन्मजात असतो, वेणी ही हाताने केलेली गोष्ट आहे, ती सोडता येते. आणि निकालात अशीही नोंद झाली की रॉजर्सने ही रचना केली ती त्या गोऱ्या नटीने चित्रपटात ती लोकप्रिय केल्यानंतर थोड्याच दिवसांनी. हजारो वर्षांची परंपरा एका हॉलिवूडपटाच्या खात्यावर जमा झाली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे अमेरिकेतले केसांचे खटले 'जन्मजात की हातचे' याच फटीत अडकून पडले.

ती फट बुजवायला कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये क्राउन कायदा केला. वेण्या, बटा, जटा या वंशाशी निगडित खुणा आहेत आणि त्यांवरून भेदभाव हा वंशभेदच, असे त्यात स्पष्ट लिहिले. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. देशपातळीवरचे विधेयक मार्च २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकले. ब्रिटनमध्ये उच्च न्यायालयाने २०११ मध्येच, एका शाळकरी मुलाच्या कॉर्नरोवरची बंदी हा अप्रत्यक्ष वंशभेद ठरवला होता. प्रिटोरियात २०१६ साली मुलींच्या एका शाळेत केसांच्या नियमांविरुद्ध विद्यार्थिनी रांगेने उभ्या राहिल्या, ती छायाचित्रे जगभर गेली. अमेरिकन लष्कराने २०१४ मध्ये स्त्री सैनिकांच्या पीळदार वेण्यांवर निर्बंध आणले, टीका झाल्यावर काही महिन्यांत माघार घेतली. हा विषय आज महत्त्वाचा का, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आता घराण्यांबद्दल. गायकीसारखीच इथेही घराणी आहेत आणि त्यांचे अभिमानही तसेच. डोक्याला चिकटून चालणाऱ्या वेण्या, म्हणजे कॉर्नरो, कॅरिबियन बेटांवर त्यांना केनरो म्हणतात, आणि त्यांचाच जाडजूड भाऊबंद म्हणजे घाना ब्रेड्स, हे पहिले घराणे. यातली गणिती शिस्त रॉन एग्लॅश यांनी 'आफ्रिकन फ्रॅक्टल्स' या १९९९ च्या पुस्तकात उलगडली: प्रत्येक पुढचा वळसा मागच्याचीच थोडी बदललेल्या मापाची आवृत्ती असतो. दुसरे घराणे सुट्या वेण्यांचे, बॉक्स ब्रेड्सचे. 'पोएटिक जस्टिस' या १९९३ च्या चित्रपटात जॅनेट जॅक्सनने लांब बॉक्स ब्रेड्स मिरवल्या आणि एक पिढीच्या पिढी तशी सजली. तिसऱ्यात दोनच पेड, पीळ देऊन केलेले. सेनेगलीज ट्विस्ट हे त्यातले ख्यातनाम. चौथे दोऱ्याचे: पेड नाहीतच, केसांच्या बटेवर काळा दोरा घट्ट गुंडाळायचा. योरुबांकडचे हे काम लागोसचे छायाचित्रकार जे. डी. ओजेइकेरे यांनी १९६८ पासून टिपायला घेतले आणि सुमारे हजार केशरचना बहुतेक मागून घेतलेल्या कृष्णधवल छायाचित्रांत जतन केल्या. बहुतेकांत चेहरा नाही, मानेमागून घेतलेले एक शिल्प. या विषयावर एकच गोष्ट पाहायची असेल तर ती छायाचित्रे पाहावीत. आकड्याने जोडायच्या क्रोशे वेण्या आणि उसन्या जटा यांच्यावर मी थांबत नाही. पुस्तकात त्या सविस्तर आहेत.

बॉक्स ब्रेडमध्ये गंगावन मुळाशीच गाठ मारून जोडत. गाठीमुळे वेणी टिकते, पण तिचा सगळा भार मुळावर येतो. नॉटलेस पद्धतीत सुरुवात स्वतःच्या केसांनी करायची आणि पुढे दर दोन-तीन वळणांनी गंगावनाची चिमूटभर भर घालत जायची. वेणी पहिल्या दिवसापासून डोक्यावर सपाट बसते, ठणकत नाही. मोकळ्या बटांच्या आजच्या वेण्या बहुतेक या नॉटलेस पायावर उभ्या आहेत. पण बट मोकळी सोडण्याची युक्ती तिच्याही आधीची. नायजेरियात 'पिक अँड ड्रॉप' या नावाने बायका दोन-तीन इंच वेणी घालून पुढचे गंगावन तसेच लोंबते ठेवत. अमेरिकेत ट्री ब्रेड्स होत्या: डोक्याशी कॉर्नरो आणि तिच्यातून झाडाच्या फांद्यांसारखे बाहेर पडलेले मोकळे केस. १९९० नंतर अतिबारीक मायक्रो ब्रेड्सची टोके ओली-कुरळी ठेवण्याची टूम आली. आज आपण जिला नवी म्हणतो ती या सगळ्यांची नात.

हे काम ज्या हातांनी जगभर नेले त्यांचे श्रेय फॅशनच्या मासिकांत क्वचित दिसते. १९८० च्या दशकापासून सेनेगल, माली, गिनी, आयव्हरी कोस्ट इथून आलेल्या बायकांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधला १२५ वा रस्ता आणि पॅरिसचा शातो दो मेट्रो स्टेशनचा परिसर वेण्यांचे बाजार करून टाकले. चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या 'अमेरिकाना' या २०१३ च्या कादंबरीची नायिका अशाच एका सलूनमध्ये बसलेली असताना कथा उलगडत जाते. या बायकांपुढे परवान्याचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कात्री, रसायने, केस रंगवणे असे शेकडो तासांचे शिक्षण घेतल्याशिवाय वेणी घालायलाही मनाई होती, आणि त्या शिक्षणात वेणीचा धडाच नव्हता. टेक्सासच्या आयसिस ब्रँटली यांना परवान्याशिवाय वेण्या घालते म्हणून १९९७ मध्ये अटक झाली. पुढे वेण्या शिकवण्यासाठी त्यांच्याकडे २,००० चौरस फूट जागा, दहा खुर्च्या आणि केस धुण्याची बेसिने मागण्यात आली. २०१५ मध्ये संघराज्य न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली आणि त्याच वर्षी टेक्सासने वेणीचा परवानाच रद्द केला.

आता मला जे म्हणायचे आहे ते म्हणते. शंभर वर्षे ज्या कुरळेपणाला तापलेल्या कंगव्याने शिक्षा केली, तो आज जास्तीचे पैसे मोजून वेणीबाहेर सोडला जातो, हा बदल खरा आहे आणि आनंदाचा आहे. पण सोडलेली बट नीट पाहा. ती ज्या बाईच्या डोक्यावर आहे तिच्या स्वतःच्या केसांच्या घट्ट वळणाची क्वचितच असते. ती सैल असते, लांब असते, ओली असल्यासारखी चमकते. ओप्रा विन्फ्रेचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी केसांची एक ते चार अशी प्रतवारी केली. एक म्हणजे सरळ, चार म्हणजे सगळ्यात घट्ट कुरळे. वेणी चौथ्या प्रतीच्या डोक्यावर आणि बट तिसऱ्या प्रतीची, असे आजचे चित्र आहे. सरळ केसांची गुलामगिरी सुटली आणि 'चांगल्या' कुरळ्या केसांची आली, असे कुणी म्हटले तर त्याला पूर्ण खोटे पाडता येणार नाही. उलट बाजूही ऐकावी. सजणाऱ्या बाईने प्रत्येक वेळी इतिहासाला उत्तर द्यावे अशी सक्ती आपण आपल्या बायकांवर करत नाही. मग ती तिच्यावर का? लेखिका या वादात मधली वाट धरते. मी तिच्यापेक्षा थोडी कडक आहे. शुरुबासारखी, स्वतःच्या केसांचा घट्ट कुरळेपणा जसाच्या तसा मोकळा सोडणारी रचना जेव्हा सलूनच्या पाटीवर पहिल्या ओळीत येईल, तेव्हा बदल पुरा झाला असे मी मानीन.

आणि ती सैल बट येते कुठून? स्वस्तातली बट कृत्रिम धाग्याची. कानेकालोन हा जपानी धागा १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि त्याने गंगावनाचा धंदा पालटून टाकला. गरम पाण्यात टोक बुडवले की वेणी सुटत नाही. पण मोकळी सोडलेली कृत्रिम बट दोन-तीन आठवड्यांत जटा होते. म्हणून मोकळ्या बटांसाठी खरे केस मागतात, आणि खऱ्या केसांची वाट भारतातून जाते. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो हे बहुतेकांना ठाऊक आहे; ख्रिस रॉकच्या 'गुड हेअर' या २००९ च्या माहितीपटाने अमेरिकन प्रेक्षकांनाही ते दाखवले. कमी ठाऊक असलेली वाट आपल्या दारातून सुरू होते. कंगव्यात आलेले गुंतवळ पिशवीत साठवून ठेवायचे आणि गल्लीत आलेल्या फेरीवाल्याला देऊन त्यावर एखादे भांडे घ्यायचे, हा व्यवहार महाराष्ट्रातल्या किती घरांनी केला असेल! असे गुंतवळ कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी पोहोचते. तिथे बायका ते हाताने सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात, आणि माल बहुधा चीनमार्गे जगाच्या बाजारात जातो. एमा टार्लो यांनी 'एन्टँगलमेंट' या २०१६ च्या पुस्तकात ही साखळी स्वतः हिंडून शोधली. साखळीच्या एका टोकाला बटेचा दर ऐकून दुसऱ्या टोकाची बाई चकित होईल. या पुस्तकातला या व्यापारावरचा भाग मला सगळ्यात भरीव वाटला.

'संरक्षक' या विशेषणावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. घट्ट ओढलेली वेणी कपाळाजवळचे आणि कानशिलांवरचे केस मुळातून सैल करते. सुरुवातीला ते परत येतात, वर्षानुवर्षे चालले तर त्या जागी व्रण बनतो आणि केस कायमचे जातात. १९०७ साली या आजाराचे पहिले वर्णन झाले ते ग्रीनलंडच्या स्त्रियांचे, म्हणजे तो आफ्रिकी केसांचा दोष नाही, ओढण्याचा दोष आहे. दक्षिण आफ्रिकेत त्वचारोगतज्ज्ञ नोनलान्ला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणींत तो आढळला. गंगावनाचे वजन, वेणीची बारीकी, डोक्यावर ठेवलेले आठवडे, आणि त्याआधी केसांवर रसायन झाले आहे का, यावर सगळे अवलंबून. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये तपासलेल्या दहाही कृत्रिम गंगावनांत कर्करोगकारक द्रव्ये आणि नवांत शिसे सापडले. पण म्हणून बायकांनी परत केस सरळ करण्याच्या रसायनांकडे वळावे असेही नाही. अमेरिकेतल्या 'सिस्टर स्टडी' या स्त्रियांच्या आरोग्याच्या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले की ही रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका अंदाजे १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. निवड दोन धोक्यांमधली आहे आणि ती माहिती घेऊन करायची आहे.

पुस्तकाबद्दल आणखी थोडे. लेखिकेने इतिहास, तंत्र आणि धंदा ही तीन सूत्रे सुटी न ठेवता एकमेकांत गुंफत नेली आहेत, त्यामुळे क्रमाने वाचले तरच पुस्तक नीट हाती लागते. आकृत्या स्वच्छ आहेत. वेणी घालणाऱ्या बायकांशी केलेल्या बोलण्यात ती त्यांना बोलू देते, मध्ये आपले शहाणपण घालत नाही. उणीव म्हणाल तर पुरुषांच्या वेण्या जवळजवळ सुटल्याच आहेत, आणि सिद्दींबद्दल अवघे एक पान आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत शत्रू म्हणून येतात आणि तिथेच संपतात. हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात कोकणी बोलणारे सिद्दी आज राहतात, त्यांच्या मुलींचे केसही याच प्रकारचे आहेत, आणि कुरळ्या केसांचे कौतुक करणाऱ्या आपल्या गाण्यांत नेमके ते केस बसत नाहीत. त्या मुलींच्या केसांवर मराठीत किंवा कोकणीत कुणीतरी बसून काम करायला हवे. पुढच्या आवृत्तीत ते पान वाढावे, अशी लेखिकेला विनंती आहे.

आकृत्या पाहून वेणी घालून पाहायचा मोह वाचकांना होईल, आणि व्हावा. बसवाल त्या मुलीला पहिल्या दहा वेण्या झाल्यावर विचारा, दुखते आहे का. भुवया ताणल्या गेल्या असतील, भांगाशी बारीक पुळ्या दिसू लागल्या असतील, तर तिने नाही म्हटले तरी त्या वेण्या सोडा आणि सैल हाताने परत घाला.